विश्लेषण : मुंबई हायमधील ‘वाढीव’ तेल मोजायचे कसे?

देशातील सर्वात मोठे तेलक्षेत्र असलेल्या मुंबई हायचे उत्पादन वाढवण्यासाठी ‘ओएनजीसी’ने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. पहिली दोन वर्षे ठराविक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या महसुलातील वाटा, असे मोबदल्याचे स्वरूप आहे. पण वाढीव म्हणजे कशापेक्षा वाढीव? काहीच वेगळे केले नसते तर किती तेल आले असते, याचा अंदाज आधी बांधल्याशिवाय हे ठरत नाही. चार दशके पाणी सोडून चालवलेल्या तेलसाठ्याचा असा अंदाज कसा बांधतात आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, याचा हा आढावा.

करार नेमका काय आहे?

मुंबई हायची मालकी आणि रोजचे कामकाज ओएनजीसीकडेच राहणार आहे. बीपीने तेलसाठा, विहिरी आणि समुद्रातील यंत्रणा यांचा अभ्यास करून उत्पादन कुठे व कसे वाढेल ते सुचवायचे आहे. कराराची मुदत दहा वर्षांची आहे. या काळात सध्याच्या पद्धतीने ४.५४७ कोटी टन तेल निघेल, असा पायाभूत अंदाज आहे. याच अंदाजाला उद्योगात ‘बेसलाइन’ म्हणतात. बीपीने हे उत्पादन ६.५४१ कोटी टनांपर्यंत, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढू शकेल असे सूचित केले आहे. नैसर्गिक वायूच्या बाबतीत ही वाढ ८९ टक्क्यांपर्यंत सांगितली आहे. तेल आणि वायू एकत्र धरले तर वाढ ६० टक्क्यांपर्यंत जाते.

यातील ६.५४१ कोटींच्या आकड्याची चर्चा भरपूर झाली. ४.५४७ कोटींकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिल्या आकड्याची शहानिशा दहा वर्षांनी मीटरवर होईल. दुसऱ्याची कधीच होणार नाही, कारण नव्या उपाययोजना सुरू झाल्यावर ‘त्या केल्या नसत्या तर’ ही स्थिती प्रत्यक्षात अस्तित्वातच राहत नाही. ती फक्त गणितात उरते.

मुंबई हायची आजची स्थिती काय?

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात हे क्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये येथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८९ मध्ये ते शिखरावर होते. तेव्हा दिवसाला सुमारे ४.७ लाख पिंप तेल निघत होते. त्यानंतर घसरण सुरू झाली. २००० नंतर मुंबई हाय उत्तर आणि दक्षिण या दोन्ही भागांसाठी पुनर्विकासाचे अनेक टप्पे राबवले गेले. त्यामुळे घसरणीचा वेग कमी झाला, पण ती थांबली नाही. २०२४ मध्ये दैनंदिन उत्पादन सुमारे १.३४ लाख पिंपांवर आले होते.

तरीही या क्षेत्राचे महत्त्व कमी झालेले नाही. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि देशात जे थोडे निघते त्यात मुंबई हायचा वाटा मोठा आहे. येथील तेल आणि वायू समुद्राखालच्या वाहिन्यांतून उरणला येतो. जुन्या क्षेत्रातून थोडे तेल जास्त मिळाले, तरी तेवढी आयात कमी होते.

खडकात पाणी का सोडतात?

तेलसाठा म्हटले की जमिनीखालच्या तळ्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजमध्ये पाणी असावे तसे भरलेले असते. विहीर खणल्यावर सुरुवातीला साठ्यातील दाबामुळे ते आपोआप वर येते. उपसा वाढतो तसा दाब घटतो. एका मर्यादेखाली तो गेला की तेलात विरघळलेला वायू सुटा होतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर बुडबुडे यावेत तसाच हा प्रकार. हा वायू तेलापेक्षा सहज वाहतो, विहिरीकडे धावतो आणि तेल मागे राहते.

यावरचा सर्वात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे पाणी. काही विहिरींतून दाबाने पाणी आत सोडायचे, म्हणजे साठ्याचा दाब टिकतो आणि तेल दुसऱ्या विहिरींकडे ढकलले जाते. यालाच ‘वॉटरफ्लडिंग’ म्हणतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १८६०च्या दशकात हे अपघाताने घडले. नीट बंद न केलेल्या विहिरींतून वरच्या थरातील पाणी तेलाच्या थरात शिरले आणि शेजारच्या विहिरींचे उत्पादन वाढले. आज जगभर ही पद्धत सर्रास वापरली जाते. मुंबई हायमध्ये १९८४ पासून समुद्राचेच पाणी गाळून, त्यातील ऑक्सिजन काढून आणि जिवाणूंचा बंदोबस्त करून चुनखडकाच्या थरांत सोडले जाते. ऑक्सिजन राहिला तर नळ्या गंजतात आणि जिवाणू वाढले तर खडकाची छिद्रे बुजतात.

मग अडचण कुठे येते?

पाणी नेहमी सोपी वाट धरते. खडक सगळीकडे सारखा नसतो. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकाच्या एकावर एक असलेल्या अनेक थरांचा आहे. काही थर सैल आहेत, काही घट्ट. मधे शेलचे पातळ पापुद्रे आहेत. सैल थरातून पाणी झपाट्याने पुढे सरकते आणि उत्पादन विहिरीत पोहोचते. घट्ट थरातील तेल मात्र जागचे हलतही नाही. एकदा पाण्याला विहिरीपर्यंत वाट सापडली की पुढचे पाणीही त्याच वाटेने येते.

वर येणाऱ्या एकूण द्रवात पाण्याचे प्रमाण किती, हा म्हणूनच जुन्या क्षेत्राचा सर्वात महत्त्वाचा आकडा असतो. त्याला ‘वॉटर कट’ म्हणतात. तो ९० टक्के असेल तर एका पिंप तेलासोबत नऊ पिंपे पाणी येते. ९५ टक्के झाला तर १९ पिंपे आणि ९८ टक्क्यांवर ४९ पिंपे. टक्केवारीत वाढ किरकोळ दिसते. पण तेवढेच तेल काढण्यासाठी पाणी उचलणे, वेगळे करणे, शुद्ध करणे हा भार दुपटी-तिपटीने वाढतो. समुद्रातल्या फलाटावर तर जागाही मोजकीच असते. खडकात तेल शिल्लक असूनही विहीर बंद करावी लागते, ती या हिशेबामुळे.

थोडक्यात, पाणी सोडलेल्या साठ्याचा अंदाज बांधताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. विहिरीतून एकूण द्रव किती येईल आणि त्यात तेलाचा वाटा किती असेल.

संगणकावर संपूर्ण साठा उभा करता येत नाही का?

येतो. तेल कंपन्या तेच करतात. साठ्याचे लाखो लहान चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची सच्छिद्रता, त्यातून द्रव किती सहज वाहतो, तेल-पाणी-वायूचे प्रमाण किती हे भरायचे आणि प्रवाहाची समीकरणे सोडवायची. या पद्धतीला ‘रिझर्व्हॉयर सिम्युलेशन’ म्हणतात. नवी विहीर कुठे खणावी, वायूचा परिणाम काय होईल, रसायने मिसळावीत का, अशा प्रश्नांसाठी याला पर्याय नाही.

अडचण माहितीची आहे. खडकाचे प्रत्यक्ष नमुने आणि मोजमापे फक्त विहिरींपुरती मिळतात. विहिरींत अंतर शेकडो मीटरचे असते. मधल्या लाखो तुकड्यांत जे आकडे भरले जातात, ते भूवैज्ञानिक समज आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे. मग मॉडेलचे उत्तर गेल्या ३०-४० वर्षांच्या प्रत्यक्ष उत्पादनाशी जुळेपर्यंत हे आकडे कमीजास्त केले जातात. या जुळवणीला ‘हिस्ट्री मॅचिंग’ म्हणतात. यातली मेख अशी की भूतकाळाशी सारखेच जुळणारे, पण भविष्याबद्दल वेगवेगळे सांगणारे अनेक नकाशे तयार होऊ शकतात. अज्ञात राशी लाखो आणि त्या बांधून ठेवणारी निरीक्षणे त्या मानाने थोडी, असे हे समीकरण आहे. शिवाय एका मोठ्या क्षेत्राची जुळवणी करायला महिनोन् महिने जातात.

येथे साधी मॉडेल्स उपयोगी पडतात. ती खडकाचा नकाशा मागत नाहीत. किती पाणी सोडले आणि किती द्रव आला, या रोजच्या नोंदींवरच ती चालतात. उत्तर काही सेकंदांत किंवा मिनिटांत मिळते. त्यामुळे एकच उत्तर काढण्याऐवजी हजारो शक्यता तपासता येतात.

सर्वात साधे मॉडेल कोणते?

घट-वक्र. जे. जे. आर्प्स यांनी १९४५ मध्ये त्याची सूत्रे पद्धतशीरपणे मांडली आणि आजही जगभर ती वापरली जातात. मागच्या काही वर्षांच्या उत्पादनाचा आलेख काढायचा, तो कोणत्या दराने उतरतो ते पाहायचे आणि तीच रेषा पुढे न्यायची. दरवर्षी ठराविक टक्के घट होत असेल तर वक्र एका प्रकारचा असतो. वय वाढते तसा घटीचा वेग मंदावत असेल तर दुसऱ्या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारात शेवटची काही वर्षे लांबत जातात, त्यामुळे एकूण तेल जास्त दिसते. दोन्ही वक्र भूतकाळाला जवळपास सारखेच जुळू शकतात, हे लक्षात ठेवायला हवे.

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा एकच आहे. मागे जे चालू होते तेच पुढे चालू राहील, असे ती गृहीत धरते. मागच्या पाच वर्षांत दरवर्षी नव्या विहिरी खणल्या असतील, तर त्यांनी रोखून धरलेली घटही वक्रात मिसळलेली असते. तोच वक्र पुढे नेला, तर पुढेही तेवढ्याच विहिरी खणल्या जातील हे न सांगता मान्य केल्यासारखे होते. उलट, विहिरी खणल्याचा परिणाम वजा केला तर घट जास्त तीव्र दिसते. पाणी सोडण्याचे प्रमाण बदलले तर काय होईल, याचे उत्तर तर घट-वक्राकडे नसतेच. सोडलेल्या पाण्याचा आकडा त्याच्या सूत्रात नाही.

पाणी आणि तेलाच्या गुणोत्तरातून काय कळते?

पाणी सोडलेल्या जुन्या क्षेत्रांसाठी अभियंते आणखी एक आलेख काढतात. एका अक्षावर आजवर निघालेले एकूण तेल, दुसऱ्यावर एका पिंप तेलामागे येणारे पाणी. पाण्याचा अक्ष दहाच्या पटीत, म्हणजे १, १०, १०० असा मांडला, तर वॉटर कट पुरेसा वाढल्यानंतरच्या काळात हे बिंदू बऱ्याचदा सरळ रेषेवर येतात. ती रेषा पुढे वाढवायची आणि पाण्याचे प्रमाण परवडेनासे होईल त्या मर्यादेपर्यंत न्यायची. तिथे तेलाचा जो आकडा येतो, तेवढेच तेल त्या क्षेत्रातून निघणार असे मानले जाते.

यामागे भौतिकशास्त्र आहे. बकली आणि लेव्हरेट यांनी १९४२ मध्ये खडकात पाणी तेलाला कसे ढकलते याचे गणित मांडले होते. खडकात पाणी जसजसे वाढते तसतसे तेलाला वाहणे कठीण होत जाते, हा त्याचा गाभा. आलेखातील सरळ रेषा हे त्याचे दृश्य रूप आहे. या पद्धतीचा एक फायदा असा की विहिरी काही महिने बंद राहिल्या तरी आलेख फारसा बिघडत नाही, कारण आडव्या अक्षावर काळ नसून निघालेले तेल असते. तोटाही तोच. तेल किती निघेल ते कळते, पण कधी निघेल ते कळत नाही.

कपॅसिटरचा तेलविहिरीशी संबंध काय?

गेल्या दोन दशकांत सर्वाधिक चर्चा झालेले साधे मॉडेल म्हणजे ‘कपॅसिटन्स-रेझिस्टन्स मॉडेल’, संक्षेपात ‘सीआरएम’. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात लॅरी लेक आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून २००५-०६च्या सुमारास ते पुढे आले. तेलसाठ्याची तुलना विद्युत मंडलाशी करण्याची कल्पना त्याहून जुनी, १९४०च्या दशकातील आहे.

कपॅसिटरला अचानक व्होल्टेज दिले तरी तो लगेच पूर्ण चार्ज होत नाही. रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराएवढा वेळ गेला की तो ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. तिप्पट वेळाने ९५ टक्क्यांपर्यंत. तेलसाठाही असाच वागतो. एका विहिरीत पाणी वाढवले की दुसऱ्या विहिरीचा प्रवाह लगेच वाढत नाही. खडक आणि द्रव आधी थोडे दाबले जातात, मग परिणाम हळूहळू पोहोचतो.

सीआरएमसाठी दोनच प्रकारचे आकडे शोधावे लागतात. पहिला जोडणीचा. अमुक विहिरीत सोडलेल्या पाण्याचा किती भाग तमुक विहिरीला ढकलतो? दुसरा वेळेचा. परिणाम दिसायला किती काळ लागतो? पाणी सोडणाऱ्या पाच आणि उत्पादन करणाऱ्या चार विहिरी असतील, तर जोडणीचे २० आणि वेळेचे चार, असे २४ मुख्य आकडे होतात. सिम्युलेशनमधील लाखो आकड्यांच्या तुलनेत हे काहीच नाही.

समजा, एका विहिरीत दिवसाला १,००० पिंप जादा पाणी सोडले. शेजारच्या उत्पादन विहिरीशी तिची जोडणी ०.६ आहे आणि वेळेचा आकडा चार महिने. तर चार महिन्यांनी त्या विहिरीचा एकूण प्रवाह सुमारे ३८० पिंपांनी वाढेल आणि वर्षभरात ५७० पिंपांनी. पण हा एकूण द्रव झाला. वॉटर कट ९० टक्के असेल, तर त्यात तेल फक्त ५७ पिंप. उरलेले ४०० पिंप पाणी दुसऱ्या विहिरींकडे गेले किंवा साठ्याबाहेर वाया गेले.

खरा उपयोग येथेच आहे. ज्या विहिरीचे पाणी वाया जाते किंवा फक्त पाणीच पुढे ढकलते, तिचे पाणी कमी करून ते तेल ढकलणाऱ्या विहिरीकडे वळवता येते. नवी विहीर नको, नवा फलाट नको. त्याच पंपांतून, तेवढ्याच पाण्यात थोडे जास्त तेल, एवढाच हिशेब.

ही मॉडेल्स कुठे फसतात?

पहिली अट, पाणी सोडण्यात चढउतार हवेत. वर्षानुवर्षे एकाच दराने पाणी सोडले असेल, तर कोणत्या विहिरीचा परिणाम कुठे होतो हे नोंदींतून कळूच शकत नाही. दोन विहिरींचे पंप नेहमी एकत्रच चालू-बंद होत असतील, तर त्यांचा परिणाम वेगळा काढता येत नाही. अशा वेळी मॉडेल उत्तर देते, पण ते योगायोगाचे असते.

दुसरी अडचण मोजमापाची. समुद्रातील फलाटावर अनेक विहिरींचे तेल एकत्र होते. प्रत्येक विहिरीचा प्रवाह सतत वेगळा मोजला जातोच असे नाही. ठराविक काळाने चाचणी होते आणि एकूण उत्पादन त्या प्रमाणात विहिरींना वाटून दिले जाते. म्हणजे मॉडेलला मिळणारा ‘प्रत्यक्ष’ आकडासुद्धा अंशतः अंदाजच असतो.

तिसरी अडचण वायूची. सीआरएमचे मूळ सूत्र द्रव फार दाबला जात नाही असे मानते. तेल आणि पाण्यासाठी ते ठीक आहे, पण वायू सहज दाबला जातो. ज्या साठ्यात सुटा वायू भरपूर आहे तेथे वेळेचा आकडा स्थिर राहत नाही. मुंबई हायमधून तेलाबरोबर मोठ्या प्रमाणात वायूही निघतो आणि अनेक विहिरींत तेल वर आणण्यासाठी वायूचाच वापर होतो. त्यामुळे येथे हे मॉडेल सरसकट लावणे धोक्याचे. पाण्याचा प्रभाव स्पष्ट दिसणारे भाग निवडून तेवढ्यापुरतेच ते वापरणे योग्य.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची मर्यादा अशी की साधे मॉडेल भूतकाळात घडलेल्याच गोष्टी शिकते. नव्या विहिरी, नवे थर, पॉलिमरसारखी रसायने यांचा परिणाम त्याला माहीत नसतो. राजस्थानातील मंगला क्षेत्रात पाण्यात पॉलिमर मिसळून तेल काढले जाते. तेथे फक्त पाण्याच्या काळातील नोंदींवरून पॉलिमरनंतरचे उत्पादन सांगता आले नसते. पण हीच मर्यादा बेसलाइनच्या कामी येते. ‘काहीही नवे केले नाही तर काय’ हाच तर तेथे प्रश्न असतो.

बेसलाइनमधील थोड्या फरकाने किती फरक पडतो?

एक साधी आकडेमोड करून पाहता येते. दिवसाला १.३४ लाख पिंप म्हणजे वर्षाला सुमारे ४.९ कोटी पिंप, अर्थात साधारण ६५ लाख टन. पहिल्या वर्षी एवढे तेल आले आणि पुढे दरवर्षी ५ टक्के घट झाली, तर दहा वर्षांत सुमारे ५.२ कोटी टन तेल निघेल. घट ८ टक्के धरली तर ४.६ कोटी टन. १० टक्के धरली तर ४.२ कोटी टन.

ही आकडेमोड केवळ उदाहरणादाखल आहे. करारातील आकडा विहिरी, थर आणि यंत्रणा यांचा तपशील पाहून काढला जातो, असा एका ओळीत नाही. पण त्यातून प्रमाणाची कल्पना येते. ५ टक्के की १० टक्के, या एका निवडीने दहा वर्षांच्या बेसलाइनमध्ये सुमारे १ कोटी टनांचा फरक पडतो. बीपीने सूचित केलेली एकूण वाढ आहे सुमारे २ कोटी टन. म्हणजे वाढीच्या निम्म्याएवढे तेल केवळ घटीचा दर निवडण्यावर ‘वाढीव’ किंवा ‘नेहमीचे’ ठरू शकते. पिंपाला ७० डॉलर भाव धरला तर १ कोटी टन तेलाची किंमत सव्वापाच अब्ज डॉलरच्या आसपास जाते.

बेसलाइन खाली धरली, तर जे तेल तसेही आले असते त्यावरही मोबदला द्यावा लागतो. ती फार वर धरली, तर सेवा पुरवठादाराने खरोखर चांगले काम करूनही कागदावर वाढ दिसत नाही आणि त्याला जोखीम घेण्यात रस उरत नाही. दोन्हींत नुकसान सार्वजनिक कंपनीचेच.

अंदाज चुकण्याचा कल एकाच बाजूला असतो का?

अनुभव तसे सांगतो. नॉर्वेच्या सागरी क्षेत्रांतील प्रकल्पांना मंजुरी घेताना कंपन्यांनी दिलेले अंदाज आणि नंतरचे प्रत्यक्ष उत्पादन यांची तुलना करणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दोन होते. अंदाज सरासरीने जास्त आशावादी होते आणि त्यांच्याभोवती दिलेली शक्यतांची मर्यादा फारच अरुंद होती. म्हणजे अंदाज तर चुकलेच, शिवाय ते किती चुकू शकतात हेही कमी लेखले गेले. नॉर्वेसारख्या, उत्पादनाची माहिती खुली ठेवणाऱ्या देशात हे तपासता तरी आले.

यावर साध्या मॉडेल्सचा एक उपाय आहे. हातातील नोंदींपैकी शेवटची दोन-तीन वर्षे झाकून ठेवायची. त्याआधीच्या माहितीवर मॉडेल तयार करायचे, झाकलेल्या वर्षांचा अंदाज काढायचा आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे. घट-वक्र, पाणी-तेल गुणोत्तर आणि सीआरएम या तिन्ही पद्धतींनी हे करावे. तिन्ही उत्तरे जवळ आली तर भरवसा वाढतो. दूर गेली तर का, हे शोधावे लागते. मोठ्या सिम्युलेशनचा अंदाज या तिन्हींपेक्षा फारच वेगळा असेल, तर त्याचे कारण सांगण्याची जबाबदारी सिम्युलेशन करणाऱ्याची असते. साध्या मॉडेलकडून अंतिम सत्याची अपेक्षा नसते. किचकट मॉडेलला प्रश्न विचारण्याचे काम मात्र ते स्वस्तात करते.

पुढे कशाकडे लक्ष ठेवावे?

येत्या काही वर्षांत मुंबई हायच्या उत्पादनात अमुक टक्के वाढ झाली, अशा बातम्या येतील. तेव्हा ती टक्केवारी कशाच्या तुलनेत आहे, हे आधी पाहावे. गेल्या वर्षीच्या उत्पादनाच्या की बेसलाइनच्या? उत्पादन प्रत्यक्षात घटले, पण बेसलाइनपेक्षा कमी घटले, तरीही ते ‘वाढीव’ ठरते आणि त्यात गैर काही नाही. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरच वाचकाला ते कळते.

दुसरे, ओएनजीसीने आधीच ठरवलेल्या विहिरी आणि दुरुस्त्या बेसलाइनमध्ये धरल्या आहेत की बाहेर ठेवल्या आहेत? तिसरे, दहा वर्षांत चक्रीवादळ, वाहिनीतील बिघाड किंवा फलाट बंद राहणे असे काही घडले, तर बेसलाइन बदलण्याचा नियम काय? चौथे, अंदाज एका आकड्यात सांगितला जातो की किमान, मधला आणि कमाल अशा तीन आकड्यांत? कोट्यवधी डॉलरचा मोबदला ज्यावर ठरतो तो आकडा एकटा, कोणत्याही मर्यादेविना दिला जात असेल, तर तो कितीही दशांश स्थळांपर्यंत असला तरी अपुरा आहे.

तेल खडकातून निघताना मोजता येते. न केलेल्या कामांमुळे न निघालेले तेल मात्र मोजता येत नाही, त्याचा फक्त अंदाज बांधता येतो. म्हणूनच हा अंदाज कोणत्या नोंदींवरून, कोणत्या पद्धतीने आणि कोणी तपासून काढला, हे दहा वर्षांनी हिशेब मांडताना विचारण्यापेक्षा आज विचारणे सोपे आहे.